जीसीकडून बाहेरच्या डिटेक्टरला स्टार्ट सिग्नल: वायरिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे आपला जीसी, सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मिश्रणातले घटक कॉलम नावाच्या लांब नळीत वेगळे करून एकेक करून डिटेक्टरपुढे आणणारं हे यंत्र. संशोधन संस्थांत तो आहे, कॉलेजांत आहे आणि हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्येही आहे. कंपनीने सोबत दिलेला डिटेक्टर असतो तोवर वायरिंगचा विचार करावा लागत नाही. अडचण येते ती दुसऱ्या कंपनीचा किंवा स्वतः बनवलेला डिटेक्टर त्या जीसीला जोडताना. तेव्हा 'जीसी सुरू झाला की हाही सुरू झाला पाहिजे' एवढं एक वाक्य प्रत्यक्षात आणायला कधी कधी आठवडा जातो. एमएस्सी-पीएचडीचे विद्यार्थी, लॅब असिस्टंट आणि क्यूसीतली मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

ट्रिगर, म्हणजे स्टार्टचा सिग्नल, यात नेमकं काय पाठवायचं?

फक्त एक खूण: 'आत्ता रन सुरू झाला.' पीकची (घटक आल्यावर आलेखावर उमटणाऱ्या उंचवट्याची) उंची, बेसलाइन (आलेखाची मोकळी रेषा), तापमान यांतलं काहीही या वायरीतून जात नाही. हे स्पष्ट करायचं कारण असं की जीसीच्या मागे ॲनालॉग आउटपुटही असतं (०-१ व्होल्ट वगैरे) आणि अनेक जण तीच केबल ट्रिगरची समजून जोडतात. ॲनालॉग आउटपुटवर जीसीच्या स्वतःच्या डिटेक्टरचा सिग्नल येतो. बाहेरच्या रेकॉर्डरवर दोन्ही क्रोमॅटोग्राम (पीकचे आलेख) एकाखाली एक हवे असतील तर ती केबलही लागेल, पण ते काम वेगळं आहे आणि केबलही वेगळी.

जीसीच्या मागे स्टार्ट सिग्नल कुठे मिळतो?

बहुतेक आधुनिक जीसीवर 'रिमोट' लिहिलेला कनेक्टर किंवा स्क्रू टर्मिनलची पट्टी असते. ॲजिलंट कंपनीच्या ६८९० आणि ७८९० या मॉडेलांवर नऊ पिनांचा डी-सब कनेक्टर आहे. त्यात पिन १ डिजिटल ग्राउंड, २ प्रिपेअर, ३ स्टार्ट, ४ शटडाउन, ६ पॉवर ऑन, ७ रेडी, ८ स्टॉप आणि ९ स्टार्ट रिक्वेस्ट. पाचवी पिन वापरात नाही. स्टार्टची पिन एरवी ५ व्होल्टला असते आणि रन सुरू होताना क्षणभर शून्याला येते. म्हणजे खाली जाणं हाच 'हो'. रेडी आणि पॉवर ऑन या दोन पिनांचं मात्र उलटं आहे, तिथे वर असणं म्हणजे 'हो'. या उलटसुलट प्रकारामुळेच बरेच जण गोंधळतात.

इतर कंपन्यांच्या पिना वेगळ्या असतात. मॅन्युअल उघडा, तुमच्याच मॉडेलचं. केबलमधल्या वायरींच्या रंगांवर मात्र विसंबू नका. एकाच कामाच्या दोन केबल्समध्येही रंग वेगळे सापडतात. मल्टिमीटर कंटिन्यूइटीवर ठेवून प्रत्येक पिन दुसऱ्या टोकाला कुठे निघते ते बघा, कागदावर लिहा, मगच वायर सोला.

कॉन्टॅक्ट क्लोजर, टीटीएल, २४ व्होल्ट. आमच्याकडे यातलं कोणतं, हे कसं ओळखायचं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे. पुढचं सगळं वायरिंग याच्या उत्तरावर ठरतं.

कॉन्टॅक्ट क्लोजरमध्ये जीसीच्या आत एक छोटा रिले असतो. त्याची दोन टोकं बाहेर आणलेली असतात आणि रन सुरू झाला की ती आपसात जोडली जातात. त्यात स्वतःचा व्होल्टेज नसतो. टीटीएल म्हणजे ०-५ व्होल्टचा डिजिटल सिग्नल. त्यातही बहुतेकदा 'ओपन कलेक्टर' प्रकार असतो: जीसी ती लाइन फक्त खाली खेचू शकतो, वर नेण्याचं काम ५ व्होल्टला जोडलेला रेझिस्टर, म्हणजे पुल-अप, करतो. २४ व्होल्टचं आउटपुट मुळात व्हॉल्व्ह चालवण्यासाठी दिलेलं असतं. ते चुकून डिटेक्टरच्या ५ व्होल्टच्या इनपुटला लागलं तर ते इनपुट बहुधा कायमचं जातं.

ओळखायची रीत अशी. केबल अजून जोडू नका. आधी बाहेरच्या डिटेक्टरच्या स्टार्ट टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजा. पाचच्या आसपास मिळाले तर त्या इनपुटला स्वतःचा पुल-अप आहे आणि त्याला ग्राउंडशी क्षणभर जोडून घ्यायचं आहे. शून्य मिळालं तर त्याला बाहेरून व्होल्टेज हवा असण्याची शक्यता जास्त. मग जीसीच्या बाजूला या. तिथे आधी व्होल्टेज मोजा. काहीच नसेल तर कंटिन्यूइटीवर ठेवून पॅनेलवरचं स्टार्ट दाबा. मीटर वाजला तर तो कोरडा (स्वतःचा व्होल्टेज नसलेला) रिले आहे, काम सोपं झालं. व्होल्टेज ५ असेल आणि स्टार्ट दाबल्यावर खाली जात असेल तर टीटीएल. पल्स फार छोटा असेल तर साध्या मीटरवर तो दिसणारच नाही. अशा वेळी इलेक्ट्रॉनिक्स विभागातून ऑसिलोस्कोप मागून आणा.

जीसीचा कोरडा रिले आणि डिटेक्टरचा पुल-अप इनपुट अशी जोडी जमली तर दोन वायरी थेट जोडा आणि केबलच्या प्रश्नावर जा. मधलं काही लागत नाही.

दोन्ही यंत्रं ५ व्होल्टचीच आहेत. सरळ वायर जोडली तर काय बिघडतं?

बऱ्याचदा काहीच बिघडत नाही, आणि म्हणूनच लोक तसं करतात. पण सरळ वायर जोडली की दोन्ही यंत्रांचे ग्राउंड एक होतात. जीसी एका यूपीएसवर, डिटेक्टर भिंतीतल्या प्लगवर, लॅपटॉप तिसरीकडे अशी मांडणी असेल तर त्या ग्राउंडमधून नको असलेला प्रवाह वाहतो आणि बेसलाइनवर ५० हर्ट्झची लहर चढते. दुसरा धोका असा की एक यंत्र बंद आणि दुसरं चालू असताना चालू यंत्र बंद यंत्राच्या पिनमध्ये करंट ढकलतं. तिसरा धोका विजेच्या कडकडाटाचा. नागपुरात मे-जूनच्या वळवाच्या पावसात जे व्हायचं ते होतंच, आणि तेव्हा एका यंत्रातला सर्ज ट्रिगरच्या वायरीतून दुसऱ्यात जातो. मधे दहा-वीस रुपयांचा ऑप्टोकपलर (आतल्या एलईडीच्या प्रकाशातून सिग्नल पुढे देऊन दोन बाजू विजेने वेगळ्या ठेवणारी चिप) टाकून यातलं बरंचसं टळत असेल तर तो टाकावाच, असं माझं ठाम मत आहे.

ऑप्टोकपलर कसा जोडायचा? किती ओहमचा रेझिस्टर, नेमकं सांगा.

पीसी८१७ हा चार पायांचा ऑप्टोकपलर सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सहज मिळतो. मागताना 'सी' अक्षराचा मागा. त्याचं करंट ट्रान्सफर (आत दिलेल्या करंटच्या तुलनेत बाहेर मिळणारा करंट) २०० ते ४०० टक्के असतं, त्यामुळे समोरच्या इनपुटचा पुल-अप तो आरामात खाली खेचतो. अक्षर न बघता घेतला तर खालच्या मर्यादेचा पीस येऊ शकतो आणि सर्किट कधी चालतं, कधी चालत नाही. असला अर्धवट दोष शोधणं फार त्रासाचं असतं.

जीसीचं आउटपुट ओपन कलेक्टर टीटीएल असेल तर: ५ व्होल्टचा वेगळा चांगला ॲडाप्टर घ्या. त्याचा प्लस ६८० ओहमच्या रेझिस्टरमधून ऑप्टोच्या एलईडीच्या ॲनोडला. कॅथोड जीसीच्या स्टार्ट पिनला. ॲडाप्टरचा मायनस जीसीच्या डिजिटल ग्राउंडला. एलईडीवर साधारण १.२ व्होल्ट पडतात, उरलेले ३.८ व्होल्ट ६८० ओहमवर, म्हणजे करंट साडेपाच मिलिअँपिअरच्या आसपास. ॲजिलंटच्या रिमोट लाइनवर प्रत्येक यंत्राचा भार ५ व्होल्टला २.२ किलोओहम असतो, म्हणजे सव्वादोन मिलिअँपिअर, आणि असे दहा भार पेलायची तिची क्षमता आहे. त्यामुळे साडेपाच मिलिअँपिअरची चिंता नाही. दुसऱ्या बाजूला ऑप्टोचा कलेक्टर डिटेक्टरच्या स्टार्ट इनपुटला, एमिटर डिटेक्टरच्या ग्राउंडला. दोन बाजूंचे ग्राउंड कुठेही एकत्र करू नका. एकत्र केले तर ऑप्टो लावून उपयोग शून्य.

जीसीकडून २४ व्होल्ट मिळत असतील तर वेगळा ॲडाप्टर नको. रेझिस्टर मात्र २.२ किलोओहमचा आणि अर्ध्या वॅटचा घ्या. करंट दहा मिलिअँपिअरच्या थोडा वर जातो आणि रेझिस्टरवर पाव वॅटच्या जवळ उष्णता होते, त्यामुळे पाव वॅटचा रेझिस्टर काठावर चालतो. एलईडीला उलट्या दिशेने समांतर एक १एन४१४८ डायोड लावा. कोणी प्लस-मायनस उलटे जोडले तरी एलईडी वाचेल.

हे सगळं छोट्या प्लास्टिकच्या डबीत बसवा, झिरो बोर्डवर सोल्डर करून. ब्रेडबोर्ड चाचणीपुरता ठीक आहे. तो महिनोन्महिने जीसीच्या मागे लोंबकळत ठेवू नका.

रिले लावला तर नाही का चालत?

चालतो. क्लिक ऐकू येतो म्हणून काहींना तोच विश्वासाचा वाटतो. पण रिलेचे संपर्क मिटताना काही मिलिसेकंद थरथरतात, आणि चपळ इनपुट त्या थरथरीला दोन-तीन स्टार्ट समजतं. कॉइलला उलटा डायोड (१एन४००७) लावायला विसरलात तर कॉइल बंद होतानाचा झटका जीसीच्या आउटपुट ट्रान्झिस्टरला घातक. टीटीएल पिनवरून रिलेची कॉइल थेट चालवू नका, तेवढा करंट तिथे मिळत नाही. शिवाय आपल्याकडच्या धुळीत उघड्या रिलेचे संपर्क खराब होतात. रिलेच हवा असेल तर बंद काचेतला रीड रिले घ्या.

स्टार्टचा पल्स इतका छोटा आहे की आमच्या डेटा लॉगरला कळतच नाही.

५५५ टायमर मोनोस्टेबल पद्धतीने (एका ट्रिगरला ठरावीक लांबीचा एकच पल्स) लावा. तो खाली जाणाऱ्या पल्सवरच सुरू होतो, म्हणजे आपल्या कामाचाच. ऑप्टोचा कलेक्टर ५५५ च्या दुसऱ्या पिनला, तिथून ५ व्होल्टला १० किलोओहम. वेळ १.१ × रेझिस्टन्स × कपॅसिटन्स. १०० किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड घेतले तर पल्स १.१ सेकंदाचा होतो. पल्स लांबला तरी त्याची सुरुवातीची कड जागची हलत नाही, त्यामुळे वेळेच्या अचूकतेत फरक पडत नाही.

उलट दिशेने, म्हणजे बाहेरच्या यंत्राने जीसीला स्टार्ट द्यायचा असेल तर, ६८९० ला किमान ५०० मायक्रोसेकंदांचा पल्स लागतो. त्याहून छोटा तो ओळखत नाही.

आमचा जीसी जुना आहे. मागे रिमोट पोर्टच नाही.

कॉलेजांत हे फार दिसतं, आणि असे जीसी अजून उत्तम चालतात. दोन उपाय आहेत.

पहिला म्हणजे दोन पोलचं पुश बटण. एका दाबात दोन वेगवेगळे, आपसात न जुळलेले संपर्क मिटतात: एक जीसीच्या किंवा त्याच्या इंटिग्रेटरच्या (पीक मोजून छापणाऱ्या यंत्राच्या) स्टार्टला, दुसरा बाहेरच्या डिटेक्टरला. सिरिंज हातात असताना बटण दाबणं अवघड जात असेल तर हेच पायाने दाबायच्या स्विचचं करा. सिरिंजचा प्लंजर दाबणं आणि स्विच दाबणं यांत माणसागणिक फरक पडतो, पण दोन्ही डिटेक्टरांना एकच क्षण मिळतो, आणि आपल्याला तेच हवं असतं.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो, कारण यंत्राला हातच लागत नाही. पॅनेलवर 'रन'चा दिवा असतो. त्याच्यावर काळ्या टेपने फोटोट्रान्झिस्टर चिकटवा. दिवा लागला की ट्रिगर. मात्र काही पॅनेलांवरचे दिवे डोळ्यांना स्थिर दिसले तरी प्रत्यक्षात भराभर लुकलुकत असतात, म्हणून पहिली कड पकडून पुढच्या कडा दुर्लक्षित करणारी सोय पाहिजे.

आर्डुइनो किंवा रास्पबेरी पाय वापरून लॉगर केला तर?

अवश्य करा, फक्त काही गोष्टी आधी माहीत असू द्या. रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. ५ व्होल्ट थेट दिले तर पिन जाते, कधी कधी पूर्ण बोर्ड. ऑप्टोकपलर मधे असेल आणि पुल-अप ३.३ व्होल्टला असेल तर हा प्रश्न उरत नाही. आर्डुइनो उनोवर संगणकाने सीरियल पोर्ट उघडला की बोर्ड रीसेट होतो. म्हणून आधी सॉफ्टवेअर उघडा, दोन-चार सेकंद थांबा, मग इंजेक्शन द्या. इनपुटला आतला पुल-अप चालू ठेवा, खाली जाणारी कड पकडा, आणि एकदा पकडली की रन संपेपर्यंत पुढच्या कडांकडे बघू नका असं प्रोग्राममध्ये लिहा.

आणि घड्याळ. उनोच्या मुख्य चिपला क्रिस्टलऐवजी सिरॅमिक रेझोनेटर असतो. त्याची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत असू शकते. तीस मिनिटांच्या रनमध्ये अर्धा टक्का म्हणजे ९ सेकंद! कॅपिलरी कॉलमवरचा पीक स्वतः जेमतेम दोन ते पाच सेकंद रुंद असतो. वेळेची नोंद संगणकाच्या घड्याळाने करा किंवा क्रिस्टलवर चालणारा घड्याळाचा मॉड्यूल लावा.

ट्रिगर बरोबर येतो, तरी दोन क्रोमॅटोग्राममध्ये पीकच्या वेळा जुळत नाहीत. का?

शंभर टक्के जुळणार नाहीतच. किती आणि कसं जुळत नाहीत, ते बघायचं. एकाच रनमधला एक लवकर येणारा आणि एक उशिरा येणारा पीक घ्या. दोन्ही डिटेक्टरांवरच्या वेळांतला फरक काढा. मग तोच नमुना पुन्हा पुन्हा देऊन हे आकडे ताडून बघा.

फरक सगळीकडे सारखाच असेल, समजा प्रत्येक पीक बाहेरच्या डिटेक्टरवर ०.८ सेकंद उशिरा, तर काळजी नको. ट्रान्सफर लाइनमधून (जीसीपासून बाहेरच्या डिटेक्टरपर्यंतच्या तापवलेल्या नळीतून) वायू जायला लागणारा वेळ आणि ट्रिगरचा विलंब मिळून तो आकडा होतो. वजा करा आणि पुढे चला.

फरक वेळेच्या प्रमाणात वाढत गेला, म्हणजे पाचव्या मिनिटाला थोडा आणि पंचविसाव्या मिनिटाला पाचपट, तर दोष घड्याळाचा. वर लिहिलेलं रेझोनेटरचं प्रकरण तपासा.

फक्त उशिराच्या, जड संयुगांच्याच बाबतीत फरक वाढला आणि ते पीक बाहेरच्या डिटेक्टरवर पसरटही झाले, तर ट्रान्सफर लाइन थंड पडते आहे. वायरिंगला हात लावू नका, हीटिंग टेप आणि त्याचा थर्मोकपल बघा. आणखी एक बारीक गोष्ट: स्थिर दाबावर तापमान वाढवत नेलं की कॅरिअर वायू जास्त चिकट होतो आणि कॉलमचा प्रवाह कमी होतो, त्यामुळे लाइन ओलांडायला लागणारा वेळही रनभर थोडा थोडा बदलतो. मेकअप गॅस (कॉलमनंतर मिसळलेला जादा वायू) पुरेसा दिला तर हा परिणाम बराच दबतो.

फरक प्रत्येक रनला वेगळा, कधी अर्धा सेकंद, कधी दोन, असा असेल तर ट्रिगर दोन वेगळ्या ठिकाणांहून येतो आहे. बहुधा कोणीतरी एक बटण हाताने दाबतं आहे, किंवा ऑटोसॅम्पलरचा स्टार्ट एका यंत्राला आणि जीसीचा स्टार्ट दुसऱ्याला गेला आहे. दोघांनाही एकाच उगमातून स्टार्ट द्या. विलंब स्थिर असेल तर तो कितीही असो, निस्तरता येतो. डळमळीत विलंबाला इलाज नाही, म्हणून सगळी मेहनत तो स्थिर करण्यावर घाला.

पीकच्या वेळेबरोबर आकारही हवा असेल तर सॅम्पलिंगचा वेग बघा. एका पीकवर दहा ते वीस बिंदू मिळाले पाहिजेत. तीन सेकंदांच्या पीकला सेकंदाला दहा बिंदू भरपूर झाले.

डिटेक्टर तयार नसतानाच जीसी सुरू होतो आणि नमुना वाया जातो.

म्हणजे तुम्ही स्टार्टची वायर जोडली, रेडीची नाही. डिटेक्टरचा 'तयार' संपर्क जीसीच्या रेडी इनपुटला द्या. मग ऑटोसॅम्पलर थांबून राहील. स्टार्टसाठी अनेक संपर्क असतील तर ते समांतर जोडतात, कारण कोणीही एकाने सांगितलं तरी सुरू व्हायचं असतं. रेडीसाठीचे संपर्क एकामागे एक, सीरिजमध्ये जोडतात, कारण सगळे तयार असले पाहिजेत. ॲजिलंटच्या रेडी लाइनवर हे आपोआप होतं: जो तयार नाही तो लाइन खाली धरून ठेवतो.

केबल कोणती घ्यावी आणि कुठून न्यावी?

शील्ड असलेली, पिळाच्या जोडीची. शील्ड एकाच टोकाला, जीसीच्या बाजूला ग्राउंड करा. दुसरं टोक कापून हीट-श्रिंकने झाका. दोन-तीन मीटर लांबी सहज चालते. मेनच्या वायरींना समांतर नेऊ नका, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

जीसीची मागची बाजू विसरू नका. ओव्हन थंड होताना मागच्या झडपेतून अतिशय गरम हवा बाहेर फेकली जाते, आणि साधी पीव्हीसी केबल त्या वाटेत असेल तर ती मऊ होऊन वायरी आपसात चिकटतात. वरून तपासलं तर केबल धडधाकट दिसते, आत शॉर्ट. बाजूने न्या, किंवा टेफ्लॉनच्या आवरणाची वायर घ्या.

बेसलाइनवर बारीक लहर आहे. ट्रिगरची केबल काढली की जाते.

ग्राउंड लूप, म्हणजे जोडलेल्या ग्राउंडमधून फिरणारा नको असलेला प्रवाह. ऑप्टोकपलर नसेल तर लावा. असूनही लहर असेल तर शील्ड दोन्ही टोकांना जोडली गेली आहे का बघा. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवून बघा, बऱ्याचदा उलगडा तिथेच होतो. जीसी, डिटेक्टर आणि संगणक एकाच बोर्डावरून, एकाच अर्थिंगवर घ्या.

इथे नागपूरची एक खास बाब येते. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात वाळून आक्रसते, तिला भेगा पडतात आणि अर्थिंगचा इलेक्ट्रोड मातीपासून सुटतो. पावसाळ्यात ठीक असलेलं अर्थिंग एप्रिल-मेमध्ये निकामी होतं. 'जानेवारीत सगळं चांगलं होतं हो, आताच काय झालं?' या प्रश्नाचं उत्तर अनेकदा लॅबच्या बाहेर, अर्थिंगच्या खड्ड्यात असतं. उन्हाळाभर त्या खड्ड्यात पाणी घालायची सवय ठेवा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला एसी व्होल्टेज इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. तो साधारण २ व्होल्टच्या आत असावा. पाच-सात मिळाले तर आधी अर्थिंग सुधारा, मग जीसीकडे वळा.

५० हर्ट्झची उरलीसुरली लहर सॉफ्टवेअरमध्येही घालवता येते. तिचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं, त्यामुळे २० च्या पटीतल्या कालावधीची सरासरी घेतली की ती जवळजवळ पुसली जाते. पण हा शेवटचा उपाय समजा.

आणि कूलर. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात कूलरची ओढ कोणालाही समजेल, पण त्याची दमट हवा कनेक्टरवर आली की पिनांवर हिरवा थर चढतो. जीसीच्या खोलीत एसी नसेल तर निदान कूलरचं तोंड यंत्राकडे नको.

डिटेक्टर मधेच आपोआप सुरू होतो.

जीसी बंद-चालू करताना स्टार्टची लाइन क्षणभर खाली जाते, ते नैसर्गिक आहे. सुरू करायचा क्रम ठरवून घ्या: आधी जीसी, तो पूर्ण तयार झाल्यावर डिटेक्टरचा लॉगर. रन चालू असताना होत असेल तर एसीचा कॉम्प्रेसर किंवा व्हॅक्यूम पंप सुरू होण्याच्या वेळा ताडून बघा. इनपुटवर पुल-अप नसेल तर मोकळी लाइन अँटेनासारखी वागते. १० किलोओहमचा पुल-अप आणि ग्राउंडकडे ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की बहुतेक वेळा थांबतं.

संत्र्याच्या सालीच्या तेलासाठी स्निफ पोर्ट लावायचा आहे. त्याला ट्रिगर कशाला?

नागपुरात हा प्रश्न येणारच. सालीच्या तेलात लिमोनिन ९० टक्क्यांच्याही वर असतं, पण संत्र्याचा ओळखू येणारा वास बराचसा उरलेल्या अल्प घटकांतून येतो. कॉलमच्या टोकाला प्रवाहाचे दोन भाग करतात, एक एफआयडी या ज्योतीच्या डिटेक्टरला, एक स्निफ पोर्टमधून नाकाला. वास घेणारा माणूस बटण दाबून 'आता आला, आता गेला' अशी नोंद करतो. त्या नोंदीची शून्य वेळ जीसीशी जुळली नाही तर लिमोनिनच्या प्रचंड पीकच्या शेपटीत लपलेला छोटा घटक चुकीच्या नावावर जातो. माणसाच्या प्रतिसादातच सेकंदभर फरक असतो, तेव्हा निदान ट्रिगरची चूक त्यात भर घालणारी नसावी.

कापसाच्या कीटकांवर काम करणाऱ्यांचा प्रश्न याच जातीचा, पण जास्त नाजूक. गुलाबी बोंडअळीच्या मादीचा गंध, गॉसिप्लुअर, हा एकाच संयुगाच्या दोन भूमितीय रूपांचं जवळपास समसमान मिश्रण आहे. नर पतंगाची स्पर्शिका इलेक्ट्रोडवर बसवून तिलाच डिटेक्टर करतात. तिचा सिग्नल मिलिव्होल्ट किंवा त्याहून कमी, ॲम्प्लिफायर अतिसंवेदनशील. इथे ऑप्टोकपलरशिवाय ट्रिगर जोडूच नका. स्पर्शिका फार काळ टिकत नाही, म्हणून आधी तिच्याविना, नुसत्या सॉल्व्हंटवर ट्रिगरची पूर्ण चाचणी करून ठेवा.

वायरिंग करताना जिवाला किंवा यंत्राला धोका कुठे आहे?

ट्रिगरच्या वायरीत नाही, तिच्या शेजारी आहे. एफआयडीच्या कलेक्टरवर शेकडो व्होल्ट असू शकतात, फोटोमल्टिप्लायरवर (मंद प्रकाश मोजणाऱ्या नळीवर) हजारापर्यंत. पॅनेल उघडावंच लागत असेल तर बंद करून प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो, तेव्हा सोल्डरिंग आयर्न वापरण्याआधी हायड्रोजन सिलिंडरवरूनच बंद करा. सिलिंडरचे नियम पाळायला लावणाऱ्या पेसोचं (पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचं) मुख्यालय आपल्याच शहरात आहे, निदान नागपुरात तरी सिलिंडर साखळीविना उभा दिसू नये. ईसीडीमध्ये (इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टरमध्ये) निकेल-६३ हा किरणोत्सर्गी स्रोत असतो, तो कोणत्याही कारणाने उघडू नका. टीसीडी (थर्मल कंडक्टिव्हिटी डिटेक्टर) असेल तर कॅरिअर वायू चालू असल्याशिवाय फिलामेंट चालू करू नका, जळते.

ट्रिगरवर फक्त नोंद सुरू करायचं काम सोपवा. फोटोमल्टिप्लायरचा उच्च व्होल्टेज चालू करणं, ज्योत पेटवणं असली कामं ट्रिगरवर कधीच नको.

वॉरंटी जाईल का? एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या) ऑडिटला काय सांगायचं?

बाहेरचा रिमोट पोर्ट जोडण्यासाठीच दिलेला असतो, पण एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) इंजिनिअरला आधी सांगा आणि ईमेलवर होकार घ्या. आतल्या बोर्डावर वायर सोल्डर केली तर वॉरंटीचा आग्रह धरता येणार नाही. मान्यताप्राप्त लॅबमध्ये हा बदल नोंदवहीत यायला हवा, आणि बदलाआधीच्या व नंतरच्या रिटेन्शन टाइमची (पीक येण्याच्या वेळेची) तुलना फाइलला लावा.

जोडून झाल्यावर चाचणी कोणत्या क्रमाने?

आधी नुसता एलईडी लावून बघा: डिटेक्टरऐवजी ऑप्टोच्या आउटपुटला बॅटरी, रेझिस्टर, एलईडी. जीसीवर स्टार्ट दाबा, पेटला पाहिजे. मग डिटेक्टर जोडून रिकामा रन. मग सॉल्व्हंट, आणि दोन्ही डिटेक्टरांना दिसणारं एखादं संयुग. मग विलंबाचा आकडा काढा.

पुढच्या बॅचसाठी काय लिहून ठेवावं?

एक कागद, लॅमिनेट करून, जीसीच्या बाजूला टांगलेला. त्यावर: कोणत्या पिनवरून कोणत्या टर्मिनलला, वायरीचा रंग, सर्किटचं हाताने काढलेलं चित्र आणि रेझिस्टर किती ओहमचे, शील्ड कोणत्या टोकाला ग्राउंड केली, यंत्रं सुरू करायचा क्रम, मोजलेला विलंब, आणि तो कोणत्या तारखेला, कोणत्या कॉलमवर, किती प्रवाहाला मोजला. कॉलम किंवा ट्रान्सफर लाइन बदलली की विलंब पुन्हा मोजायचा आणि जुना आकडा न खोडता त्याच्याखाली नवा लिहायचा.